माकडतापाचा नकाशा आणि वैद्याची नोंदवही

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. पांचाल देशातील काम्पिल्य नगरीजवळ, ग्रीष्माच्या अखेरीस, गंगाकाठच्या वनात फिरत असता भगवान पुनर्वसू आत्रेय अग्निवेशास सांगतात, की निसर्गाची लक्षणे बिघडलेली दिसत आहेत. भूमी निःसत्त्व होण्यापूर्वीच औषधी काढून ठेवाव्यात. अग्निवेश विचारतो, की प्रकृती, आहार, बल आणि वय भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने कशी नष्ट होतात? या प्रश्नाच्या उत्तरात वायू, जल, देश आणि काल हे चार सर्वांना समान असणारे भाव येतात. त्यांपैकी दूषित देशाची जी लक्षणे आचार्यांनी दिली आहेत, त्यांत डास, माश्या व उंदीर यांची वाढ जशी आहे, तसेच भांबावलेले आणि पीडित झालेले पशुपक्षीही आहेत.

आचार्यांना विषाणू ठाऊक होते, असा दावा यावरून करण्याचे कारण नाही. मात्र रोगी दारात येण्यापूर्वी प्रदेशाकडे आणि त्यातील प्राण्यांकडे पाहावे, ही दृष्टी आपल्या शास्त्राला परकी नाही, एवढे निश्चित म्हणता येते. आज हेच काम उपग्रह, संगणक आणि नकाशे यांच्या साहाय्याने होत आहे. प्राण्यांपासून माणसाला होणाऱ्या रोगांचा अंदाज बांधण्याच्या या तंत्राचा आपल्या व्यवसायाशी कोणता संबंध पोहोचतो, हे आपल्या सीमेवरच्या एका रोगाच्या आधारे पाहण्याचा आमचा विचार आहे. तो रोग म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, अर्थात माकडताप.

रोगाचा प्रवास

१९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर नावाच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या खेड्यांतील माणसे तीव्र ज्वराने आजारी झाली. पीतज्वर भारतात शिरला की काय, अशी शंका प्रथम आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील, डॉ. टेलफर्ड वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत वानराच्या शरीरातून विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा नव्हता. रशियातील गोचीडजन्य मेंदूज्वराच्या विषाणूशी नाते सांगणारा, परंतु स्वतंत्र असा तो नवा विषाणू होता.

हा विषाणू मुख्यत्वे हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीच्या गोचिडीतून पसरतो. जंगलातील उंदीर, चिचुंदरी यांसारखे लहान प्राणी आणि गोचिडी यांच्यात त्याचे चक्र चालू असते. काळतोंडी वानर आणि लालतोंडी माकड यांना लागण झाली की ती मोठ्या प्रमाणावर मरतात. माकड मेल्यावर त्याच्या अंगावरच्या गोचिडी शरीर सोडून खाली पालापाचोळ्यात उतरतात आणि तेवढी जागा धोक्याची होऊन बसते. सरपणाला, गुरे चारायला वा बागेत कामाला गेलेल्या माणसाला तेथे गोचीड चावते. गुरांचा भाग वेगळा आहे. विषाणू टिकवून धरण्यात त्यांना महत्त्व नाही; पण प्रौढ गोचिडी त्यांच्या रक्तावर पोसतात आणि त्यामुळे गोचिडींची संख्या वाढते. माणसाकडून माणसाला हा रोग झाल्याचे आढळलेले नाही.

कालाचा विचारही येथे स्पष्ट आहे. पावसाळा सरल्यावर गोचिडीच्या अळ्या दिसू लागतात आणि डिसेंबरपासून मेपर्यंत निम्फ, म्हणजे बाल्यावस्थेतील अगदी बारीक गोचिडी, जमिनीलगत विपुल असतात. माणसांमधील रुग्णही प्रामुख्याने याच काळात आढळतात.

कित्येक दशके हा रोग कर्नाटकाच्या पाच जिल्ह्यांपुरता आहे, असे मानले जात होते. २०१२ च्या अखेरीस बंडीपूरच्या जंगलात मेलेल्या माकडांची विल्हेवाट लावणारे कर्मचारी आजारी पडले आणि ही समजूत मोडली. त्यानंतर तमिळनाडूतील निलगिरी, केरळातील वायनाड व मलप्पुरम, २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी तालुका, २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुका आणि २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसर, असा त्याचा आढळ वाढत गेला. सिंधुदुर्ग आणि सत्तरी या दोन्ही ठिकाणी काजूच्या बागांत काम करणारी माणसे विशेषत्वाने रोगाच्या तडाख्यात सापडली. काजूचा हंगाम आणि निम्फचा हंगाम एकच असल्याने हे घडणे स्वाभाविक होते.

नकाशा कसा तयार होतो

एकाच मापाचे पारदर्शक कागद एकमेकांवर ठेवावेत, त्याप्रमाणे भौगोलिक माहिती प्रणालीत माहितीचे थर रचले जातात. एका थरावर जंगलाचा प्रकार, दुसऱ्यावर उंची व पर्जन्यमान, तिसऱ्यावर पशुगणनेतील गुरांची संख्या, चौथ्यावर वाड्यावस्त्या असतात. हिरवे, सजीव पान लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परावर्तित करते. या दोहोंतील फरक उपग्रहावरून मोजला असता कोठे सदाहरित वन आहे, कोठे पानझडी आणि कोठे लागवड, याचा अंदाज येतो. या सर्व थरांवर शेवटी रुग्णांचे व मृत माकडांचे ठिपके ठेवले जातात. ठिपके कोणत्या थरांच्या संगमावर दाटतात, हे गणिताने पाहावयाचे आणि तसाच संगम अन्यत्र कोठे आहे ते शोधावयाचे, हे या पद्धतीचे सार होय.

माकडतापाच्या बाबतीत असे काम झालेले आहे. बेथन पर्स आणि त्यांच्या भारतीय व ब्रिटिश सहकाऱ्यांनी शिवमोग्गा भागाचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध केला. जेथे ओलसर सदाहरित जंगल आणि लागवड एकमेकांत मिसळलेली आहे आणि देशी गुरे अधिक आहेत, तेथे रोगाचा संभव अधिक, असे त्यांत दिसून आले. शुष्क पानझडी वन अधिक असलेल्या भागात तो कमी आढळला. या अभ्यासाचा आणखी एक विशेष सांगितला पाहिजे. नकाशा संगणकापुढे बसून केला आणि खात्यांकडे पाठवून दिला, असे येथे झाले नाही. आरोग्य, पशुसंवर्धन आणि वन या तिन्ही खात्यांच्या लोकांना आरंभापासून सहभागी करून घेण्यात आले. जंगल तुटून त्याच्या कडेला बागा, चराई आणि वस्ती येते, तेव्हा माणूस, गुरे, माकड आणि गोचीड ही सर्व एका ठिकाणी येतात. देशविचार म्हणून आपण जे शिकतो, ते हेच. येथे ते फक्त मोजून मांडलेले आहे.

पशुरोगांचे पूर्वानुमान देणारी व्यवस्थाही देशात आहे. बंगळूर येथील राष्ट्रीय पशुरोग साथशास्त्र संस्था निरनिराळ्या पशुरोगांच्या संभवाची सूचना जिल्हावार, दोन महिने आधी देत असते.

इशारा आणि कृती यांतील अंतर

अशा पूर्वसूचनेने काय साधते आणि काय साधत नाही, याचा सर्वांत बोलका दाखला आफ्रिकेत मिळतो. पूर्व आफ्रिकेतील रिफ्ट व्हॅली ज्वर हा डासांमधून गुराढोरांना आणि त्यांच्यापासून माणसांना होणारा रोग आहे. या डासांची अंडी उथळ खोलगट भागांतील कोरड्या मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात आणि त्यांतच विषाणू असू शकतो. अतिवृष्टीने ते खोलगट भाग भरले की डासांचे थवे उठतात, जनावरे गाभटतात आणि मागोमाग माणसे आजारी पडतात. प्रशांत व हिंदी महासागरांच्या पृष्ठभागाचे तापमान आणि उपग्रहाने मोजलेली हिरवळ यांची सांगड घातल्यास या साथीचा अंदाज काही महिने आधी करता येईल, असे लिंथिकम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले होते.

२००६ मध्ये ही पद्धत कसोटीला लागली. त्या वर्षीच्या उत्तरार्धात धोक्याच्या प्रदेशांचे इशारे देण्यात आले आणि डिसेंबरमध्ये केनियातील गारिसा भागात रोग सिद्ध झाला. अंदाज खरा ठरला. तरीही मार्च २००७ पर्यंत एकट्या केनियात ६८४ रुग्ण आणि १५५ मृत्यू नोंदले गेले. जनावरांचे लसीकरण माणसांत रोग निश्चित झाल्यानंतर, जानेवारीत सुरू झाले. पुढे झालेल्या पाहणीत असेही आढळले, की तेथील सोमाली पशुपालकांना असाधारण पाऊस, डासांचे थवे आणि जनावरांचे गाभटणे यांची जाणीव आधीच झाली होती. या रोगाला त्यांच्या भाषेत स्वतंत्र नावदेखील होते. वरून उपग्रह सांगत होता आणि खाली गुराखी जाणत होता. या दोघांना जोडून वेळेवर हालचाल करणारा दुवा दुबळा राहिला.

हा दुवा आपल्याकडे कोण आहे, असा प्रश्न आम्हांस येथे उपस्थित करावयाचा आहे. वाडीवस्तीवरचा ज्वरी रुग्ण पुष्कळदा प्रथम जवळच्या वैद्याकडे जातो किंवा औषधाच्या दुकानातून गोळी घेऊन कामाला लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात तो पोहोचतो तेव्हा काही दिवस उलटलेले असतात. म्हणजे नकाशावरचा पहिला ठिपका अनेकदा आपल्या हातात असतो.

कोरी जागा निरोगी नसते

नकाशा पाहताना एक सावधगिरी बाळगावी लागते. जेथे तपासणी होते, तेथेच ठिपके उमटतात. ज्या वाडीतून कोणाचा रक्तनमुना गेलाच नाही, ती नकाशावर स्वच्छ दिसते. २०१२ पूर्वी माकडतापाच्या नकाशावर पाच जिल्हे होते, याचा अर्थ उर्वरित सह्याद्री निर्धोक होता असे छातीठोकपणे कोणीही म्हणू शकणार नाही.

दुसरी अडचण पत्त्याची आहे. केसपेपरवर आपण रुग्णाच्या घराचा पत्ता लिहितो. परंतु गोचीड घरी चावलेली नसते. ती चावते चार कोसांवरच्या बागेत किंवा जंगलाच्या कडेला. घराचा ठिपका लावला तर फवारणी आणि जनजागृती चुकीच्या गावी होते. गोचीड चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत ज्वर येतो. सबब ज्वर सुरू होण्यापूर्वीच्या दोन आठवड्यांत रुग्ण कोठे कोठे गेला होता, हे विचारणे आवश्यक आहे. आपली रोगीपरीक्षा देशाची चौकशी केल्याशिवाय पूर्ण होत नाही. त्या चौकशीला वाडीचे, बागेचे आणि पाणवठ्याचे नाव जोडले, की तीच नोंद नकाशाच्या उपयोगाची होते.

वैद्यांनी काय करावे

आमच्या दवाखान्यातील केसपेपरवर डिसेंबर ते मे या काळासाठी आम्ही दोन ओळी वाढविलेल्या आहेत. पहिली, 'गेल्या पंधरा दिवसांत काम कोठे केले?' दुसरी, 'त्या भागात माकड मेलेले पाहिले अथवा ऐकले काय?' यास अर्धे मिनिट लागते. रुग्णही उत्साहाने सांगतो, कारण आपल्या कामाविषयी विचारलेले त्यास आवडते.

पुढील लक्षणे एकत्र दिसल्यास माकडतापाची शंका घ्यावी. अकस्मात आलेला तीव्र ज्वर, कपाळात ठणकणारे डोके, अंगमोडून काढणाऱ्या वेदना, डोळ्यांची लाली, विलक्षण थकवा, वांती वा अतिसार आणि काही रुग्णांत हिरड्या, नाक किंवा मलातून रक्तस्राव. काही रुग्णांत ज्वर उतरतो आणि एक-दोन आठवड्यांनी तो पुन्हा उलटतो. त्या वेळी मानेचा ताठरपणा, कंप, भ्रम अशी मस्तिष्काची लक्षणे दिसतात. पहिला ज्वर उतरला म्हणून रुग्ण बरा झाला असे मानून त्यास मोकळे सोडू नये. या रोगातील मृत्यूचे प्रमाण साधारणतः ३ ते ५ टक्के सांगितले जाते.

अशा रुग्णास ताबडतोब शासकीय रुग्णालयाकडे पाठवावे. पहिल्या काही दिवसांत आरटीपीसीआर आणि त्यानंतर आयजीएम प्रतिपिंडांची तपासणी उपयोगी पडते. नमुना कोणत्या दिवशी घेतला यावर निदान अवलंबून असते, म्हणून ज्वराचा पहिला दिवस चिठ्ठीवर ठळक लिहावा. लेप्टोस्पायरोसिस, डेंग्यू, हिवताप आणि स्क्रब टायफस यांचा विचारही त्याच वेळी व्हावयास हवा. माकडतापावर विषाणूनाशक विशिष्ट औषध नाही. शरीरातील द्रवाचे प्रमाण राखणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे आणि लक्षणांनुसार उपचार यांवरच रुग्णाचे प्राण अवलंबून असतात. जुन्या लशीचा परिणाम अपुरा ठरल्याने कर्नाटकात तिचा वापर २०२२ मध्ये थांबविण्यात आला. नव्या लशीचे काम सुरू झालेले असले, तरी तूर्त प्रतिबंधाचा भार वेळीच मिळणाऱ्या माहितीवर आणि गोचीड अंगाला लागू न देण्यावर आहे.

ज्वरचिकित्सेचा आपला वारसा मोठा आहे, हे सांगावयास नको. परंतु या रोगात आपला काढा वा रसकल्प रुग्णाला वाचवितो, असे सिद्ध झालेले नाही. तशी भाषा कोणी रुग्णाजवळ करू नये. लंघन आणि पाचन यांत तीन दिवस गेले आणि चौथ्या दिवशी रक्तस्राव सुरू झाला, तर ते तीन दिवस परत मिळत नाहीत. साध्यासाध्यतेचा विचार करून रुग्ण योग्य स्थळी पाठविणे हेही चिकित्सेचेच अंग होय.

रुग्ण पाठविल्यावर प्राथमिक आरोग्य केंद्रास दूरध्वनीने कळवावे. एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम २००४ पासून देशात सुरू झाला आणि २०२१ पासून त्याच्या नोंदी एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर घेतल्या जाऊ लागल्या. या मंचावर नोंदी नकाशावर दाखविण्याची सोय आहे. आपण दिलेली माहिती तालुक्याच्या ठिकाणी पडून राहील, ही शंका आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. मेलेले माकड दिसल्याची वार्ता आली, तर ती वन व पशुसंवर्धन खात्यासही त्याच दिवशी द्यावी आणि त्या जागी कोणी जाऊ नये, असे गावात सांगावे. मृत माकडास हात लावू नये, भावनेपोटी त्याचे दहन-दफनही परस्पर करू नये. वानराला देवाचे रूप मानणाऱ्या आपल्या समाजात हे वारंवार सांगावे लागेल.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. रुग्णाचे नाव, छायाचित्र किंवा घराचा ठावठिकाणा व्हॉट्सॲपवर फिरवू नये. ऐन हंगामात वाडीचे नाव बदनाम झाले, तर मजूर येत नाहीत आणि बागायतदार पुढील रुग्ण लपवू लागतो. माहिती योग्य अधिकाऱ्याकडे गेली तरच तिचा नकाशा होतो. गावभर पसरली तर तिची अफवा होते.

औषधालय आणि संकलक

औषधालयचालक बंधूंना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली गल्ल्यावरची. माकडतापाच्या प्रदेशात, हंगामात, ज्वर आणि अंगदुखीसाठी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन वा डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या चिठ्ठीवाचून देऊ नयेत. रक्तस्रावाकडे झुकणाऱ्या ज्वरात त्या घातक ठरू शकतात. एकाच वाडीतून आठवड्यात चार-पाच जण तापाची गोळी मागावयास आले, तर ती गोष्ट लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावी. असा खप पुष्कळदा रुग्णांच्या नोंदीआधीच बोलू लागतो.

दुसरी गोष्ट कच्च्या मालाची. गुळवेल, शिकेकाई, वावडिंग, कोकम आदी द्रव्ये आपल्यापर्यंत येतात ती जंगलाच्या कडेला वावरणाऱ्या संकलकांच्या हातून. हा वर्ग पालापाचोळ्यात बसतो, वाकतो, अनवाणी चालतो आणि नेमका डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांतच अधिक फिरतो. माल वेळेवर यावा, असा आग्रह आपण धरतो. माल आणणाऱ्याच्या पायांवर गोचीड चढू नये, याची जबाबदारी कोणी घेतलेली नाही. म्हणून खरेदीच्या हंगामापूर्वी प्रत्येक औषधालयाने तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून बाधित गावांची व माकडांच्या मृत्यूंची ताजी माहिती घ्यावी. बाधित टापूतील संकलन त्या हंगामापुरते थांबवावे. जे द्रव्य दुसऱ्या भागातून वा दुसऱ्या ऋतूत मिळू शकते, ते तेथून घ्यावे. ज्यांना जाणे भागच आहे, त्यांना पूर्ण बाह्यांचे कपडे, गमबूट आणि कर्नाटकातील वनवस्त्यांत वाटले जाणारे डेपा तेल वा तत्सम गोचीडरोधक द्रव्य द्यावे. परतल्यावर गरम पाण्याने स्नान, कपडे गरम पाण्यात धुणे आणि अंग तपासणे, हे रोज व्हावे. या कारणाने संकलकाची रोजी बुडत असेल, तर तिचा काही भाग खरेदीदाराने उचलणे न्यायाचे होईल.

आत्रेयांनी देश बिघडण्यापूर्वी औषधी गोळा करण्यास सांगितले होते. बिघडलेल्या देशात औषधीसाठी माणसे कोठे धाडू नयेत, हे आज नकाशा आपणांस दाखवू शकतो. त्यासाठी त्यावर पुरेसे ठिपके मात्र हवेत.

आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी यंदा नोव्हेंबरअखेर एक बैठक केवळ या विषयासाठी घ्यावी. आरोग्य, वन आणि पशुसंवर्धन खात्यांच्या स्थानिक अधिकाऱ्यांना तीत बोलवावे, त्यांचे दूरध्वनी क्रमांक प्रत्येक दवाखान्यात व औषधालयात दर्शनी भागी लावावेत आणि वरील दोन ओळी आपापल्या केसपेपरवर छापून घ्याव्यात. याला उपग्रह लागत नाही आणि खर्चही नगण्य आहे. काजूची पहिली बोंडे पिकण्यापूर्वी एवढे झाले, तरी पुरेसे आहे.